डफ शेकण्याबाबत

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार. चांदा

आजची सकाळ पत्त्यात काय लिहायचं यातच गेली. या महिन्याच्या एक तारखेपासून आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. कचेरीचा शिक्का मात्र जुनाच आहे. मी पाकिटांवर शिक्का मारला, 'मध्यप्रदेश' खोडलं आणि वर 'मुंबई राज्य' लिहिलं. गुणवंतराव म्हणाले, "अबे लटारू, पोस्टमन काय राज्य पाहून येते? चांदा पाहते अन् येते." तरी मी सगळी पाकिटं दुरुस्त केली. चूक दिसत असली की मला जेवण जात नाही.

गुणवंतराव विम्याचे एजंट. मी त्यांचा कारकून, आणि खेड्यापाड्यांत जायचं असलं की त्यांचे पायही मीच. जानेवारीत सरकारने आयुर्विमा आपल्याकडे घेतला तेव्हापासून त्यांचं मोठं काम गेलं. आता नागपूरच्या एका कंपनीचं आगीच्या आणि वाहतुकीच्या विम्याचं काम त्यांनी धरलं आहे.

दुपारी वडशाहून हाफिज नावाचे शिंपी आले. कुरखेड्याकडच्या मोहटोला गावी मुखरू शाहिरांचा खडी गंमतीचा, म्हणजे इकडच्या उभ्याने करायच्या तमाशाचा, फड आहे. त्यात हे पेटी वाजवतात. गेल्या साली फडाची बंडी नाल्यात उलटली आणि पेटी भिजून कामातून गेली. नवी घेतली आहे. ते म्हणाले, "माणसाचा इमा होते, त पेटीचा काऊन नाई होनार? पेटी त माणसाहून सुरात राह्यते."

गुणवंतराव खूश झाले. वाद्यांचा विमा या जिल्ह्यात अजून कोणी उतरवलेला नाही म्हणाले. काम माझ्याकडे दिलं आहे. मला खडी गंमतीतलं काही कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

नागपूरहून नमुन्याचा कागद आला. सगळा इंग्रजीत आहे. माझं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं आणि इंग्रजी शिकवणीतलं. कोश घेऊन बसलो आणि एकेक कलम मराठीत उतरवलं.

एका कलमापाशी थांबावं लागलं. वस्तू शेकण्याच्या किंवा वाळवण्याच्या क्रियेत असताना जळाली, तर कंपनी जबाबदार राहणार नाही, असं त्यात आहे. आमच्या शेजारचे बुवा भजनाआधी डफ विस्तवावर धरतात, ते मी पाहिलं आहे. म्हणजे विमा उतरवलेला डफ शेकायचा नाही.

बाबा आलापल्लीला जंगल खात्यात चौकीदार होते. आमच्या घरी छापील अक्षर यायचं ते खात्याच्या पाट्यांचं. विस्तव नेऊ नये. झाड तोडू नये. गुरं सोडू नयेत. छापलेलं न पाळणाऱ्यांचं काय होतं ते मी नाक्यावर पाहिलं आहे. हे कलम त्या लोकांना नीट समजावून सांगितलं पाहिजे. मी न सांगता डफ जळाला तर बोलणी मलाच बसतील.

२१ नोव्हेंबर, बुधवार. मोहटोला

काल चांदाफोर्टहून छोट्या गाडीने वडशाला उतरलो. रात्री हाफिजभाईंच्या घरी मुक्काम केला. त्यांच्या पत्नी साबिराबाईंनी मला बाजेवर झोपवलं आणि हाफिजभाई स्वतः खाली झोपले. मी नको म्हटलं, पण बहुतेक पुरेसं म्हटलं नसावं.

आज बंडीने मोहटोल्याला आलो. मुखरूभाऊ साठीकडे झुकलेले आहेत, आवाज मोठा आणि हात त्याहून मोठे. धान कापून झालं होतं, खळ्यावर चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं. त्यांनी अंगावरचा भुसा झाडला आणि वाद्यं बाहेर आणायला सांगितलं. पेटी, ढोलकी, दोन डफ, टाळ, तुणतुणं, दोन गॅसबत्त्या. मी एकेक वस्तू उलटून पाहिली. एका डफाच्या कड्याला तडा होता, तो लिहून घेतला.

मुखरूभाऊंच्या पत्नी रुखमाबाई म्हणाल्या, "पोरगी पाहाले आल्यावानी पाहून राह्यले जी हे. पसंत हाय का नाई थे त सांगा!"

सगळे हसले. मी डफ खाली ठेवला.

मग कलमं वाचून दाखवली. शेकण्याचं कलम आलं तेव्हा मुखरूभाऊ ताठ बसले.

"म्हंजे? डफ शेकाचा नाई?"

"नाही."

"काऊन जी? तुमच्या कंपनीनं कधी थंडा डफ आयकला हाय का? पुसाच्या महिन्यात दव पडते. कातडं ढिल्लं पडते. धानाच्या तनशीच्या जाळावर धरल्याबिगर थो बोलतच नाई."

मी म्हणालो, दिवसा उन्हात ठेवा. ते म्हणाले, आमचा खेळ काय दिवसा होते? मी कलम पुन्हा वाचलं. दुसरं काय करायचं ते मला कळेना. ते माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही शेकलात आणि जळाला, तर मी तुम्हाला नीट सांगितलं नाही असं होईल. माझी नोकरी जाईल."

हे बोलायला नको होतं. कंपनीच्या कामात स्वतःचं आणू नये.

मुखरूभाऊंनी बायकोकडे पाहिलं. रुखमाबाईंनी माझ्या पुढ्यातल्या चहात दूध वाढवलं. मग भाऊंनी चांगल्या डफावर पंजा ठेवला आणि म्हणाले, "नाई शेकत. हा हात ठेवून सांगतो. जा, लिव्हा."

हाफिजभाई म्हणाले, "अरे मुखरूभाऊ, सोच के बोलो. डफावरचा हात हाय."

"ठेवला त ठेवला."

खेड्यातल्या माणसाला छापील नियमाचा इतका आदर असेल असं वाटलं नव्हतं. काम वेळेत झालं.

२४ नोव्हेंबर, शनिवार. चांदा

गुणवंतरावांना कलमं वाचून दाखवल्याचं सांगितलं. ते पानाला चुना लावत होते, तिथेच थांबले. "सगळी वाचून दाखवली? अबे, बोहल्यावरच्या नवरदेवाले कोणी मराचे प्रकार सांगते का?"

मी म्हणालो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि पाळायचं कबूल केलं.

"काय पाळाचं?" त्यांनी विचारलं. पण तेवढ्यात लाकडाच्या वखारीचे मालक आले आणि ते राहून गेलं.

९ डिसेंबर, रविवार. वडसा

विम्याचा पक्का कागद मुखरूभाऊंना द्यायला आलो. वडशाजवळच्या एका गावी मंडई होती. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री खेळ. फड तिथेच उतरला होता. हाफिजभाई म्हणाले, आलेच आहात तर खेळ पाहून जा.

मला वाद्यातलं कळत नाही, म्हणून जे ऐकलं तेवढंच लिहितो. पेटी चांगली वाजत होती. ढोलकीही. डफ सुरुवातीला बरा होता, कारण दिवसभर तो उन्हात होता. थंडी वाढली तसा आवाज खाली खाली गेला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. मुखरूभाऊ जोराने मारू लागले, तरी तो वर येईना. त्यांचं गाणंही मग डफाच्या मागे मागे ओढल्यासारखं झालं.

मागून कोणी ओरडलं, "शाहीर, डफ वाजवता का भोपळा?"

दुसरा म्हणाला, "बुडा झाला गा थो. हातात जोर नाई राह्यला."

लोक हसले. शेजारच्या पालापुढे चहावाल्याची चूल पेटली होती, दहा पावलांवर. फडातला मंगरू ढोलकीवाला त्या चुलीकडे पाहायचा, मग मुखरूभाऊंकडे. भाऊंनी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

खेळ लवकर संपला. मी कागद दिला. त्यांनी तो घडी घालून पागोट्यात ठेवला आणि विचारलं, "तुमची नोकरी बराबर चालू हाय ना?"

मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मंग झालं."

नियम पाळला जात आहे याची खात्री करायचं मनात होतं, तीही झाली. पण रात्री झोप लागली नाही. बाजेची सवय नसेल.

२८ डिसेंबर, शुक्रवार. चांदा

हाफिजभाई सुताचे रीळ घ्यायला आले होते, कचेरीत डोकावले. एरवी थट्टा करतात, आज केली नाही. दोन गावांनी मुखरूभाऊंचा खेळ रद्द केला म्हणाले. एकाने सुपारी परत मागितली, दुसऱ्याने निरोपही पाठवला नाही.

"पळसगावचा पट संक्रांतीले हाय," ते म्हणाले. पट म्हणजे बैलांच्या शर्यती. त्या रात्री तिथे खेळ करायचा मान वीस-बावीस वर्षं मुखरूभाऊंच्या फडाकडे आहे. खेळ संपला की पहाटे गावचा पाटील पुढल्या सालचा नारळ हातात देतो. "अवंदा पाटलानं वारलूच्या फडालेबी बलावलं. आदल्या राती वारलू, दुसऱ्या राती आपण. ज्याचा डफ बोलंन, नारळ त्याचा. अन् एक बार पळसगावचा नारळ गेला, त बाकीचे गाव कोन इचारते?"

मी विचारलं, मुखरूभाऊ काय म्हणतात.

"काय म्हनंन? तेल लावते, उन्हात ठेवते, रजईत गुंडाळून ठेवते. रुखमाबाई त म्हनते, माह्या बाळंतपनात मले एवढं नाई जपलं." मग ते माझ्याकडे पाहत राहिले. "तुमी कंपनीले लिहून पाह्यलं का?"

कंपनीला काय लिहायचं? नियम छापलेला आहे.

तरी संध्याकाळी एक पत्र लिहिलं. शुद्धलेखन दोनदा तपासलं. मग वाटलं, कारकुनाने परस्पर नागपूरला लिहिणं बरं नाही. ते टपालात टाकलं नाही.

१० जानेवारी १९५७, गुरुवार

आज जे झालं ते थोडक्यात लिहितो.

गुणवंतराव जेवून आले होते आणि चांगल्या मनःस्थितीत होते. मी विचारलं, शेकण्याच्या कलमातून एखाद्या वस्तूला सूट मिळते का. ते म्हणाले, "कशाची सूट?" मी म्हणालो, डफ शेकायची सूट.

त्यांनी कागद मागवला, वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "अबे, इथी शेकू नका असं कुठी लिहिलं हाय?"

मी कलमावर बोट ठेवलं.

"शेकताना जळाला त पैसे देनार नाई. बस. शेका ना हजार वेळा! जळाला त त्याचं नशीब. कंपनी काय त्याच्या चुलीपाशी शिपाई बसवते का?" मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. "तू त्याले काय सांगून आला बे?"

मी सांगितलं. ते इतके हसले की पिंक टाकायला बाहेर जावं लागलं.

मी कलम पुन्हा वाचलं. बरोबर आहे. मी उतरवलेल्या मराठीतही तेच आहे. एकही शब्द चुकलेला नाही. जिथे कंपनीने आपला हात काढून घेतला होता, तिथे मी मनाईची पाटी वाचली.

संक्रांत सोमवारी आहे. मी तीन दिवसांची रजा मागितली. गुणवंतराव म्हणाले, "कार्ड टाक ना." कार्ड मोहटोल्याला आठ दिवसांनी पोचतं. शिवाय हे कार्डावर लिहिण्यासारखं नाही.

१६ जानेवारी, बुधवार. वडसा, स्टेशनावर

गाडीला वेळ आहे. सगळं क्रमाने लिहितो.

शनिवारी वडशाला आलो तर हाफिजभाई फडाबरोबर आधीच निघून गेले होते. साबिराबाई म्हणाल्या, "आज बंडी कोन देनार? सगळे बैल पटाले गेले." रविवारी एका बांगड्यांच्या व्यापाऱ्याच्या खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून कुरखेड्यापर्यंत गेलो. पुढे सोमवारी चालत. पळसगावला पोचलो तेव्हा पट संपून लोक घामेजलेल्या बैलांना परत नेत होते.

फड शाळेमागच्या मांडवात होता. मुखरूभाऊ मावळत्या उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात डफ धरून बसले होते. ऊन सरकलं की तेही सरकत. मला पाहून उठले.

"काय जी, कागद चुकला का?"

मी उभ्यानेच सांगितलं. शेकायला मनाई नव्हती. मला चुकीचं समजलं. शेका.

मंगरूच आधी म्हणाला, "म्हंजे दोन महिने आमी फुकट भोपळा वाजवला?"

"हो."

"मले वाटलंच होतं," हाफिजभाई म्हणाले. "मी बोललो नव्हतो का रुखमाबाई, कंपनीले काय पडली हाय म्हनून?"

"बोलले होते," रुखमाबाई म्हणाल्या. त्या खेळाला आल्या नव्हत्या, पटाला आल्या होत्या. "मीबी हेच म्हनलं. थे म्हने, कंपनीचं जाऊ दे, पोरगं सांगत होतं नोकरी जाईन. घरी बाप नाई दिसत, म्हने."

बाबांचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मुखरूभाऊंनी त्यांना गप्प बसायची खूण केली. आदल्या रात्री वारलूच्या फडाने गाव हलवलं होतं, हे मला मागाहून कळलं. मंगरूने तोवर तणस आणून टाकली आणि पेटवली. पण भाऊ डफ पुढे करेनात.

"मी हात ठेवून सांगतलं हाय," ते म्हणाले. "कागद काहीबी म्हनो. आमच्या फडाची रीत हाय. ज्याले वचन देल्लं, त्यानंच थे पैले मोडाव. तुमी शेका. मंग मी शेकीन."

मी म्हणालो, मी कधी शेकला नाही. विमा उतरवलेली वस्तू आहे. माझ्या हातून काही झालं तर—

"ले, पुन्हा भेव्याले लागला," रुखमाबाई म्हणाल्या. "अरे बाबू, विस्तव हाय थो, वाघ नोहे."

मी डफ घेतला. तडा नसलेला, चांगला. जाळावर धरला. मुखरूभाऊ सांगत होते, फिरवत राहा, थांबू नका, मधून बोटानं वाजवून पाहा. मी फिरवला. वाजवला. आवाज खरंच वर आला. पुन्हा फिरवला, पुन्हा वाजवला, अजून वर आला. कातड्यात कोणीतरी जागं होत असल्यासारखं वाटलं. मला तो आणखी ऐकायचा होता. मी थांबलो असेन.

फट्ट झालं. कातडं मधोमध उभं फाटलं.

मी डफ तसाच धरून उभा राहिलो. फाटलेल्या जागेतून मला पलीकडचा जाळ दिसत होता.

पहिल्यांदा रुखमाबाई हसल्या. "घ्या! इमेवाल्यानंच जाळला!" मग मंगरू, मग हाफिजभाई डोळे पुसत म्हणाले, "कलम कोनतं लागंन जी याले?" शेवटी मुखरूभाऊ हसू लागले. इतका वेळ हसले की खाली बसले. गावातले लोक काय झालं म्हणून पाहायला आले, त्यांना मंगरूने करून दाखवलं, अगदी माझ्या मानेच्या झटक्यासह. ते सांगायला पुढे पळाले. खेळ सुरू व्हायच्या आतच मांडव भरला.

भाऊंनी माझ्या हातातून फाटका डफ घेऊन बाजूला ठेवला. "सुटलो," एवढंच म्हणाले. मग तडा असलेला दुसरा घेतला आणि स्वतः शेकला.

त्या रात्रीच्या डफाबद्दल मला लिहिता येत नाही. बांधलेले बैल उठून उभे राहिले, एवढं पाहिलं. मधेच भाऊंनी गाण्यात दोन ओळी घातल्या, विम्यावाला जावई आला आणि हुंड्याचा डफ जाळून गेला, अशा अर्थाच्या. लोकांनी त्या पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्या. मी खांबामागे बसलो होतो. मला ओढून पुढे आणलं.

पहाटे पाटलाने नारळ मुखरूभाऊंच्या हातात दिला. वारलू शाहीर तिथेच होते. ते म्हणाले, "हे इमेवाल्याचं सोंग आमाले नाई सुचलं गा." त्यांना ते खरंच सोंग वाटलं. कोणी सांगितलं नाही.

निघताना मी भाऊंना म्हणालो, डफाचं नुकसान भरून मिळणार नाही. शेकताना जळाला आहे.

"कातडं हाय बाबू. दर साली एखांदं जातेच."

२९ जानेवारी, मंगळवार. चांदा

नुकसानीची सूचना भरली. 'वस्तू'पुढे डफ लिहिलं, 'कारण'पुढे शेकताना फाटला असं लिहिलं. 'घटनेच्या वेळी वस्तू कोणाच्या ताब्यात होती' यापुढे माझं नाव लिहिलं, काना-वेलांटी तपासून. गुणवंतरावांनी वाचलं, फाडलं आणि टोपलीत टाकलं. "नागपूरवाले वाचतील त एजन्सी जाईन. अन् त्या भागात आता तोंड दाखवू नको. जो विमा काढाले जाते अन् माल जाळून येते, त्याच्यापाशी कोण उभं राहीन?"

मलाही तसंच वाटत होतं.

आज दुपारी हाफिजभाई आले. बरोबर वारलू शाहीर आणि सिरोंच्याकडचा एक तेलुगू बोलणारा सनईवाला. दोघांनाही वाद्यांचा विमा काढायचा आहे. मुखरूभाऊंनी आपल्या कागदात नवा डफ चढवायला सांगितलं आहे. गुणवंतरावांनी खुर्च्या पुढे केल्या, पान मागवलं आणि कागद स्वतःच काढू लागले.

वारलू शाहीर म्हणाले, "तुमी नोको जी. चूक सांगाले पायी आला थो जाळणारा कुठी हाय? आमाले त्याच्यापाशीच काढाचा हाय."

गुणवंतराव माझ्याकडे पाहू लागले. मी वारलू शाहिरांकडे पाहिलं. लोकांना आपली वस्तू जाळणाऱ्याच्या हातात का द्यावीशी वाटते, हे मला अजून कळलेलं नाही. मी कलमं काढली आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.